बोगनवेलीचं बोन्साय: पानंच पानं, फुलांचा पत्ता नाही? या चुका टाळा

काळपट खोडावर गुलाबी फुलं लगडलेलं जपानी प्लमचं बोन्साय फोटोत पाहिलं की अनेक जण नर्सरीत तेच रोप शोधायला लागतात. पहिली चूक ही. या प्लमची (उमे) कळी फुटायला आठवडेच्या आठवडे थंडी लागते. परभणीत एखाद्या पहाटे पारा सहा-सातवर उतरतो, पण दुपारी पुन्हा 28 अंश. तेवढ्यावर ते झाड नीट विश्रांतीत जात नाही. संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, फुलांचं बोन्साय करायचं तर बोगनवेल घ्यावी. तिला ऊन मानवतं, खोड लवकर जाड होतं आणि छाटणी कितीही सोसते.

मात्र झाड बदललं तरी वेळापत्रक बरेच जण प्लमचंच ठेवतात. प्लम गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतो, बोगनवेल नव्या फुटव्यावर, तीही शेंड्याकडे. आकार राखायचा म्हणून दर आठवड्याला शेंडे खुडले की फुलोरा कात्रीतच जातो. एक बहार संपला की प्रत्येक काडी दोन-तीन पानांवर छाटा. मग नवे फुटवे 15-20 सेंमी होईपर्यंत कात्री लावू नका. तेवढे दिवस झाड अस्ताव्यस्त दिसणारच.

ताण न देणं, किंवा भलत्या वेळी देणं

जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. बहार धरायचा तर पाणी तोडावं लागतं. बोगनवेलीच्या पानाच्या बेचक्यातून काटा निघणार की फुलोरा, हे बरंचसं पाणी आणि दिवसाची लांबी यांवर ठरतं. पाणी मुबलक आणि दिवस मोठा असेल तर काटे आणि लांब काड्या. दिवस लहान आणि मुळांना ताण असेल तर फुलोरा. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ उत्तम.

फरक एवढाच की बागेत ताण आठवड्यांचा असतो, बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये मोजून चार-पाच सेंमी माती असते. पाणी थांबवा. कोवळी पानं माना टाकू लागली की कुंडीभर नको, माती जेमतेम ओली होईल इतकंच पाणी द्या. पुन्हा माना टाकेपर्यंत थांबा. असं दोन-तीन आठवडे चालू द्या. शेंड्यांजवळ रंगाचे बारीक ठिपके दिसले की ताण तोडून नेहमीचं पाणी सुरू करा. इथे उशीर झाला तर कळ्या गळतात. नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला ताण देऊ नये, आणि एप्रिल-मेच्या झळांत तर कोणालाच नाही. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि ट्रे गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर.

ताण देऊनही फूल नाही, तर आधी ऊन मोजा. सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. ऊन आहे, तर खत तपासा. वर्षभर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) घातलं की नत्राने पानंच वाढतात. ते फक्त छाटणीनंतर नवी वाढ चालू असताना, लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. ताणाच्या पंधरा दिवस आधी बंद. ताण तोडल्यावर 0:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) लिटरला 1 ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा, तेही ओल्या मातीत.

काळी माती

शेतातली काळी माती कापसाला चांगली, ट्रेला नाही. ओली झाली की फुगून चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की भेगा पडतात आणि बोगनवेलीची केसासारखी मुळं तुटतात. पक्क्या भाजलेल्या विटांचे 3 ते 5 मिमी तुकडे तीन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, चाळलेलं जुनं शेणखत एक भाग. विटांची भुकटी चाळून फेकायचीच, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते.

पान सुकलेलं दिसलं की लगेच पाणी ओतू नका. बांबूची काडी मातीत खोलवर खोचून दहा मिनिटांनी काढा. कोरडी निघाली तर तहान आहे. ओली निघाली आणि पानं तरीही लोंबत असतील तर मुळं कुजताहेत. मग झाड सावलीत न्या, पाणी कमी करा आणि निचऱ्याची भोकं मोकळी करा.

बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असलं तरी चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) लोह पाकिटावरच्या मात्रेने द्या. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी साठवून वापरलं तर फारच बरं.

कुंडी पावसाळ्याच्या तोंडावर बदला. मुळांचा गोळा धुऊन उघडा करू नका. एक तृतीयांशाहून जास्त मुळं छाटू नका आणि झाड तारेने ट्रेला घट्ट बांधा, कारण वाऱ्याने हललं की नवी मुळं तुटतात.

तार घालताना घाई करणारे फांदी हमखास मोडतात. हिरवी काडी सांध्यातून निखळते, जुनी काटकन तुटते. साल तपकिरी होऊ लागलेली, पण दाबल्यावर लवणारी काडी निवडा. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची हवी. वाकवताना सांध्याला अंगठ्याचा आधार द्या. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा, तार सालीत रुतू लागली की उलटी उलगडू नका, तुकडे करून काढा.

जाड खोड कापलं तर जखम उघडी ठेवू नका. बोगनवेलीचं लाकूड मऊ असतं, पाणी मुरून आतून पोकळ होतं. काप गुळगुळीत करून कट-पेस्ट (जखम झाकणारा लेप) लावा. आधीच पोकळी झाली असेल तर कुजका भाग खरवडून वाळू द्या आणि पाणी साचणार नाही अशी खालून वाट करा. सिमेंटने बुजवू नका, ओल आतच कोंडते.