नागपूरच्या वसतिगृहातील मेस पर्यावरणपूरक कशी करावी

मेस पर्यावरणपूरक करायची ठरली की अनेक समित्या आधी खताच्या टाक्या विकत घेतात. माझ्या मते सुरुवात तराजूपासून व्हावी, कारण वाया गेलेल्या भाताबरोबर तो पिकवायला लागलेले पाणी आणि शिजवायला लागलेला गॅसही वाया जातो आणि खत केल्याने त्यातले काहीच परत मिळत नाही.

पहिले दोन आठवडे ताटातले खरकटे आणि पातेल्यात उरलेले अन्न वेगवेगळे तोलावे. वहीत तारीख, पदार्थ आणि जेवणाऱ्यांची संख्या लिहावी. या दोन आकड्यांची कारणे निराळी असतात. पातेल्यात उरते ते अंदाज चुकल्यामुळे. शुक्रवारी संध्याकाळी वर्धा, भंडारा, अमरावतीची मुले घरी जातात आणि स्वयंपाक मात्र रोजच्याच मापाने होतो. म्हणून रात्रीच्या जेवणाची नोंद दुपारीच घ्यावी आणि भात एकदम न लावता दोन टप्प्यांत लावावा. ताटात उरते ते बहुधा एकाच वेळी जास्त वाढल्यामुळे किंवा भाजी न आवडल्यामुळे. त्यासाठी डाव लहान ठेवावा, अर्धी पोळी मागण्याची सोय असावी, आणि सतत टाकली जाणारी भाजी आचाऱ्याशी बोलून बदलावी. मुलांना दंड करू नये असे मला मनापासून वाटते. दंडाच्या भीतीने मुले जेवण टाळतात.

जेवणाच्या यादीत ज्वारी परत आणावी. तिला भातापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते आणि ती विदर्भातच पिकते. मात्र तीनशे जणांच्या भाकरी थापणे हे कष्टाचे काम आहे, तेव्हा स्वयंपाकघरातील बायांना विचारूनच आठवड्यातला वार ठरवावा. झुणका-भाकरीने सुरुवात सोपी जाते. भाजी कॉटन मार्केटातून हंगामानुसार घ्यावी. वरणाची डाळ आधी भिजवली तर गॅस वाचतो.

एवढे करूनही जे उरेल, त्याचे खत करावे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे म्हटले होते. लहान मेसनेही ते करावे, म्हणजे भांडेवाडीच्या कचरा डेपोवरचा तेवढा भार कमी होईल. एक बादली खरकट्याला निदान दोन बादल्या वाळलेला पालापाचोळा घालावा. कडुनिंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, तेव्हा ती न जाळता पोत्यांत भरून ठेवावीत, कारण पावसाळ्यात कोरडे काहीच मिळत नाही आणि ढिगाला वास सुटतो. मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर गेले की अडचण उलटी होते, ढीग वाळतो आणि कुजणे थांबते. म्हणून तो सावलीत ठेवून ओल्या गोणपाटाने झाकावा. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंबच निघाला, तर ओल योग्य आहे असे समजावे.

तळणीचे वापरलेले तेल मोरीत ओतू नये. ते साठवून बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्यावे. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून स्नेहसंमेलनातही मेसची स्टीलची ताटेच वापरावीत.

दर सोमवारी मागील आठवड्याचे दोन्ही आकडे मेसच्या फळ्यावर, ताटे ठेवण्याच्या जागेशेजारी लिहावेत.