तुर्कस्तानच्या सादेत पक्षावर लघुप्रबंध लिहिताना

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधासाठी मी तुर्कस्तानातील सादेत हा इस्लामवादी पक्ष निवडला, तेव्हा दोन-अडीच टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाविषयी लिहिण्यासारखे काय असणार, असे अनेकांनी विचारले. असाच विषय घेऊ पाहणाऱ्यांसाठी त्या अभ्यासातील काही गोष्टी येथे मांडत आहे.

पहिली सूचना अशी की, अभ्यासाची सुरुवात पक्षाच्या स्थापनेपासून करू नये. सादेत पक्ष जुलै २००१ मध्ये स्थापन झाला खरा, पण नेजमेत्तिन एर्बाकान यांच्या ‘मिल्ली गोरुश’ (राष्ट्रीय दृष्टिकोन) या इस्लामवादी चळवळीचा तो पाचवा पक्ष होता; आधीचे चारही पक्ष न्यायालयाच्या निकालाने किंवा १९८०च्या लष्करी उठावानंतर बंद झाले होते. त्यांपैकी रेफाह पक्ष १९९५ मध्ये २१.४ टक्के मते घेऊन पहिल्या क्रमांकावर आला आणि पुढच्या वर्षी एर्बाकान पंतप्रधान झाले. हा वारसा ठाऊक असल्याशिवाय २००२ मधील सादेतच्या अडीच टक्क्यांचा अर्थ लागत नाही. चळवळीतील सुधारणावादी गटाने ऑगस्ट २००१ मध्ये एर्दोआन यांच्या नेतृत्वाखाली वेगळा पक्ष काढला आणि त्याच निवडणुकीत ३४.३ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा जिंकल्या. म्हणून सादेतच्या घसरणीवरून धार्मिक राजकारणच नाकारले गेले, असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते.

३४ टक्के मतांवर जवळजवळ दोन-तृतीयांश जागा कशा मिळतात, हे समजण्यासाठी निवडणुकीचे नियम आधी वाचावेत. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो, या पद्धतीची आपल्याला इतकी सवय असते की प्रांतवार पक्षयाद्यांना मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. त्यातच संसदेत प्रवेशासाठी देशभरात १० टक्के मतांची अट होती, जी २०२२ मध्ये ७ टक्क्यांवर आणली गेली. ही अट न गाठणाऱ्या पक्षांच्या मतांना जागा मिळत नाहीत, त्या अट गाठणाऱ्या पक्षांत वाटल्या जातात. मत वाया जाईल या भीतीने लहान पक्षाचा सहानुभूतीदार मतदारही मोठ्या पक्षाकडे वळू शकतो. त्यामुळे मिळालेली मते आणि पक्षाविषयीची आस्था या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

लहान पक्षाचे वजन कोठे दिसते, याचे मला सर्वांत बोलके वाटलेले उदाहरण मार्च २०१९ मधील इस्तंबूलच्या महापौरपदाच्या निवडणुकीचे आहे. तेथे विजयाचे अंतर चौदा हजारांहूनही कमी होते आणि सादेतच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली होती. ती निवडणूक रद्द होऊन जूनमध्ये पुन्हा झाली, तेव्हा विरोधी आघाडीचे इमामोग्लू सुमारे आठ लाख मतांनी विजयी झाले. केवळ टक्केवारीचा तक्ता मांडणाऱ्याच्या हातून हा सगळा प्रसंग निसटतो.

२०२३ च्या संसदीय निवडणुकीत तर सादेतची स्वतंत्र टक्केवारीच नाही, कारण त्याचे उमेदवार धर्मनिरपेक्ष परंपरेच्या रिपब्लिकन पीपल्स पार्टीच्या यादीतून उभे होते. तरीही पक्षाचे दहा खासदार निवडून आले आणि माजी पंतप्रधान दावुतोग्लू यांच्या पक्षाच्या दहा खासदारांसह त्यांनी सादेतच्या नावाने संसदीय गट स्थापन केला, ज्यासाठी किमान वीस सदस्य लागतात. तक्त्यात अशा ठिकाणी शून्य लिहू नये. रकाना रिकामा ठेवून खाली टीप द्यावी. तुलनेसाठी एर्बाकान यांचे पुत्र फातिह यांचा येनिदेन रेफाह पक्ष घेता येतो. २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत स्वबळावर लढून त्याने सहा टक्क्यांच्या आसपास मते मिळवली आणि शानलिउर्फा व योजगात येथील महापौरपदे जिंकली.

आकड्यांसाठी तुर्की निवडणूक मंडळाची अधिकृत माहिती वापरावी आणि तक्ते वाचण्यापुरती तरी तुर्की शिकून घ्यावी. लिपी रोमन असल्याने हे काम वाटते तितके अवघड नाही. लघुप्रबंधाच्या मर्यादेत सर्व निवडणुका घेण्यापेक्षा २००२ आणि २०२३ या दोनच निवडणुका घेऊन त्यांच्या खोलात जावे, असे मी सुचवेन.