सराफ्यात जाण्यापूर्वी

भाचीच्या लग्नासाठी डोरले घेताना मी भाव विचारला, शिक्का पाहिला, बिलही पक्के घेतले, आणि तरीही दोन ग्रॅमहून अधिक काळे मणी सोन्याच्या भावाने विकत घेतले. आता पुतण्याच्या लग्नासाठी पुन्हा इतवारीच्या सराफ्यात जायचे असल्याने घरच्यांसाठी हे लिहून ठेवीत आहे.

निघण्यापूर्वी त्या दिवसाचा २२ कॅरेटचा भाव टिपून घ्यावा. २४ कॅरेटचा भाव पाठ करून जाण्यात अर्थ नाही. ‘बीआयएस केअर’ हे भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) ॲप घरीच उतरवून ठेवावे. चष्मा विसरू नये, कारण शिक्के तिळाहूनही लहान असतात. दागिन्यावर बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, ‘२२के९१६’ अशी शुद्धता आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा; १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो. तो ॲपमध्ये टाकल्यावर दागिन्याचा प्रकारही दिसतो. हातात हार आणि पडद्यावर अंगठी असेल, तर चहा न घेता उठावे.

परंतु हॉलमार्क शुद्धतेची हमी देतो, आपल्याकडून किती वजनाचे पैसे घेतले जात आहेत याची नव्हे, आणि माझी चूक नेमकी येथेच झाली. काट्यावर १८.६४० हा आकडा स्थिरावला, मालकांनी बहिणीची चौकशी केली, आणि तोच आकडा मजुरीसह हिशेबात गेला. पुढे पोत तुटली तेव्हा भाचीने मणी वाटीत गोळा केले. दुसऱ्या सराफाकडे ते तोलले, तर २.३१० ग्रॅम भरले. म्हणून निव्वळ वजन विचारावे. शक्य असेल तर वाट्या आणि सोन्याचे मणी पोत गाठवण्यापूर्वीच तोलून घ्यावेत. गाठवलेले तयार डोरले असेल, तर काळ्या मण्यांचे वजन किती वजा केले हे लिहून मागावे. खड्यांच्या दागिन्यात खडे, लाख भरलेल्या पाटल्यांत लाख, नियम तोच. निव्वळ वजन, पुन्हा सांगतो, भाव ठरण्यापूर्वी निव्वळ वजन. विचारायला संकोच वाटतो, दुकान ओळखीचे असेल तर अधिकच वाटतो, तरी विचारावे.

मजुरी टक्क्यांत सांगितली तर रुपयांत करून घ्यावी आणि ‘घट’, म्हणजे घडवताना वाया जाणाऱ्या सोन्याची आकारणी, वेगळी लावली आहे का ते पाहावे. जीएसटी वाचवण्यासाठी कच्ची चिठ्ठी घेऊ नये. बिलावर नगाचे वर्णन, शुद्धता, हॉलमार्कचे शुल्क आणि निव्वळ वजन. पैसे त्यानंतर. बिलाचा फोटो काढावा.

तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगही आहे आणि तेथे दोन वर्षांची मुदत असते. माझ्या बिलावर मात्र केवळ ‘वजन १८.६४०’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्याखाली माझी सही होती.