पेन शोला जाताना: जुनं फाउंटन पेन हातात घेऊन कसं पारखायचं

पेन शोमध्ये, म्हणजे पेनांच्या प्रदर्शन-विक्रीत, एकेका टेबलावर पन्नास-शंभर पेनं मांडलेली असतात आणि दुपारपर्यंत डोळे थकतात. तपासणीचा क्रम आधीच ठरलेला असेल, तर घाईत चूक होत नाही.

निघण्यापूर्वी

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहानशी विजेरी, टिपकागद आणि तुमच्या रोजच्या वापरातल्या कागदाची वही ठेवा. विक्रेत्याच्या टेबलावरचा गुळगुळीत कागद कुठल्याही निबेला गोड दाखवतो, म्हणून वही आपलीच हवी. तुमचं सगळ्यात आवडतं पेन भरून बरोबर घ्या. नवी निब जाड की बारीक, ओली की कोरडी, हे त्याच्याशी ताडून लगेच कळतं. सुट्टे पैसे ठेवा आणि किती खर्च करायचा तो आकडा घरीच ठरवा.

पोचल्यावर

निब घासून देणारे कारागीर आले असतील तर आधी त्यांच्या यादीत नाव घाला. ती यादी फार लवकर भरते. मग काहीही न घेता एक पूर्ण फेरी मारा. एकच मॉडेल तीन टेबलांवर तीन स्थितींत दिसलं की भावाचा अंदाज येतो. वर्षानुवर्षं शोधत असलेलं पेन समोर आलं, तर मात्र फेरी पुरी व्हायची वाट पाहू नका.

टेबलापाशी

विचारल्याशिवाय पेन उचलू नका. उचललंत तर टेबलाच्या वरच धरा, म्हणजे निसटलं तरी बोटभर उंचीवरूनच पडेल. टोपण ओढण्याआधी ते आट्यांचं आहे की नुसतं दाबून बसणारं, ते पाहा. आट्यांचं टोपण ओढलं तर तिथेच तडकू शकतं. ते पेनाच्या मागे खोचूही नका.

शाई भरायची तरफ किंवा मागची घुंडी तर हलवूच नका. शाईची आतली रबरी पिशवी जुनी होऊन दगडासारखी झालेली असली, तर तरफ वाकते किंवा तुटते. पिस्टनच्या, म्हणजे मागची घुंडी फिरवून शाई ओढणाऱ्या पेनांचंही तसंच. १९२९ साली आलेल्या पेलिकान १०० च्या सुरुवातीच्या पेनांत पिस्टनला बुचाची सील होती. बूच वाळलं की पिस्टन अडकतो, आणि जोर लावला की दांडा मोडतो.

तपासणी

टोपणाच्या ओठापासून सुरुवात करा. मागून विजेरी धरून टोपण सावकाश फिरवा. केसासारखी चीर एरवी दिसत नाही, पण उजेड तिच्यावर अडतो आणि ती चमकते. टोपण मागे खोचून खोचून ओठ ताणला जातो. शिवाय सेल्युलॉइड (जुन्या पेनांचं प्लॅस्टिक) काळाच्या ओघात आकसतं आणि टोपणावरची धातूची पट्टी आकसत नाही. म्हणून चिरा बहुधा पट्टीजवळच सापडतात.

मग पेनाची नळी. काळं एबोनाइट (कडक केलेलं रबर) उजेडाने तपकिरी-हिरवट होतं, त्यात नवल नाही. पण जुनं पेन अगदी गडद काळं असून कोरलेली अक्षरं पुसट असतील, तर ते घासून चमकवलेलं आहे असं समजा. अक्षरं ठसठशीत असलेलं तपकिरी पेन त्यापेक्षा बरं. फिक्या रंगाच्या सेल्युलॉइडची नळी पिशवीच्या भागात काळवंडली असेल, तर ते रबरातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचं काम असतं. तो रंग परत येत नाही.

नळी नाकाशी धरा. सेल्युलॉइडला कापराचा मंद वास असतोच, कारण ते बनवताना कापूर घालतात. तिखट, आम्लासारखा वास आला आणि आत बारीक जाळीदार तडे दिसले, तर ते पेन कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. सेल्युलॉइड विघटन पावतंय, आणि त्यातून सुटणारी वाफ डब्यातल्या शेजारच्या पेनांनाही खाते.

आता निब. भिंगातून ती समोरून पाहा. दोन्ही पाती एका पातळीत हवीत आणि टोकाचा कठीण धातूचा मणी दोन्हीकडे सारखा हवा. एका बाजूचा मणी उडालेला असेल तर नुसतं सोनं कागदावर घासत राहतं आणि झिजतं. नवा मणी बसवणं हे मोठं, खर्चाचं काम आहे. निबेवर ५८५ कोरलेलं असेल तर ते १४ कॅरेट सोनं, ७५० म्हणजे १८ कॅरेट. निबेवरचं नाव पेनावरच्या नावाशी जुळतं का, तेही पाहा.

वर्ष सांगितलं जात असेल तर शाई भरायच्या यंत्रणेशी ताडून बघा. पार्कर ५१ हे १९४१ साली आलं आणि त्याचा ‘एरोमेट्रिक’ प्रकार, म्हणजे पिशवी दाबून शाई भरायचा, १९४८ साली. तेव्हा ‘१९४३ चं एरोमेट्रिक’ असं कुणी म्हणालं, तर कुठेतरी गल्लत आहे. पहिलंच जुनं पेन घेत असाल तर हाच प्रकार सुचवू. त्यातली पारदर्शक पिशवी बहुधा दशकानुदशकं टिकते.

लिहून पाहणं

परवानगी घेऊन निब फक्त छिद्रापर्यंत बुडवा, टिपा आणि अजिबात दाब न देता लिहा. पहिल्या दोन ओळींवर विश्वास ठेवू नका. बुडवलेली निब नेहमीपेक्षा ओली चालते. पाच-सहा ओळी लिहा, इंग्रजी आठचा आकडा दोन्ही दिशांनी गिरवा. एकाच दिशेला कागद खरवडला तर बहुतेक वेळा पाती वरखाली झालेली असतात, आणि ते सुधारता येतं. पेन शाई ओढून धरतं का, हे मात्र बुडवून कळत नाही.

म्हणून ‘दुरुस्त केलेलं’ म्हणजे नक्की काय केलं, ते विचारा. पिशवी बदलली का? ती लाखेने चिकटवली की झटपट गोंदाने? लाख हलक्या उष्णतेने सुटते, म्हणून पुढची दुरुस्ती शक्य होते. गोंद लावलेला भाग उघडताना फुटू शकतो.

निब घासून घ्यायची असेल तर कारागिरासमोर तुम्ही नेहमी बसता तसं बसून, तुमच्याच कागदावर लिहून दाखवा. थोडंच घासायला सांगा, पुन्हा लिहून पाहा, मग पुढे. गेलेला धातू परत चढत नाही.

घरी आल्यावर पेन साध्या थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने नाही. एबोनाइट भिजत ठेवू नका, पाण्याने त्याचा रंग आणखी उतरतो. पहिली भरणी साध्या निळ्या शाईची करा. चमकीची किंवा जलरोधक शाई जुन्या जिभेच्या (निबेखालच्या, शाई पोचवणाऱ्या भागाच्या) खाचांत बसली, तर ती काढायला सगळं पेन उघडावं लागतं.