आधी युनिट बघा, मग नियम लावा
फर्स्ट पीयूसीची, म्हणजे अकरावीची पोरं केमिस्ट्रीत नियमापेक्षा युनिटमध्येच जास्त मार्क घालवायलेत, म्हणून आधी सगळं ग्रॅममध्ये आणा. राकसकोप धरणाचं पाणी घ्या नाहीतर मलप्रभा नदीचं, शुद्ध केलं की हायड्रोजन-ऑक्सिजन वजनानं १:८च, हा प्रूस्तचा स्थिर प्रमाणाचा नियम. आता २५०० मिलिग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन किती? १००० नं भागा, २.५ ग्रॅम आलं, त्याला ८ नं गुणा, २० ग्रॅम, आणि पाणी झालं २२.५ ग्रॅम, कारण लव्हॉझिएच्या नियमानं वस्तुमान कुठं जात नाही. थेट २५०० गुणिले ८ करून पुढं ग्रॅम लिहिलं की २० किलो ऑक्सिजन होतंय की!
घनमापात अजून फसगत, १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर पण १ घनमीटर म्हणजे १० लाख घनसेंटीमीटर, शंभर तीनदा गुणायचं. घनसेंटीमीटर आणि मिलिलिटर मात्र एकच.