टॅग्ड पॉइंटर कधी परवडतात?

स्वतःच्या डायनॅमिक भाषेचा इंटरप्रिटर लिहिताना टॅग्ड पॉइंटर (पत्त्याच्या रिकाम्या बिटांत मूल्याचा प्रकार सांगणारी खूण, म्हणजे टॅग, ठेवण्याची युक्ती) घ्यावेत की नाही, हे त्यातून कोणती मूल्ये वाहणार आहेत ते पाहून ठरवावे. लातूरच्या आडतीवरची सोयाबीनची हिशोबपट्टी चाचणीला चांगली: कट्ट्यांची संख्या पूर्णांकात, तर क्विंटलमधील वजन १२.४६ असे दशांशात.

६४-बिट यंत्रावर मॅलॉक (मेमरी मागवण्याचे सी भाषेतील फंक्शन) साधारणतः १६ बाइटच्या पटीतलेच पत्ते देतो, त्यामुळे पत्त्याचे शेवटचे ४ बिट शून्यच असतात आणि ती जागा टॅगला मिळते. व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाप्रमाणे पूर्णांकाला ० आणि पॉइंटरला १ हा टॅग द्यावा. मग पूर्णांक एक बिट डावीकडे सरकून ५ कट्टे १० म्हणून आणि ७ कट्टे १४ म्हणून साठतात. त्यांची बेरीज २४, म्हणजे टॅग न काढताच १२ कट्टे. दोन्ही मूल्ये पूर्णांक आहेत का, हे त्यांचा ऑर घेऊन शेवटचा बिट एकदाच पाहिल्याने कळते. गुणाकारात मात्र एक मूल्य आधी उजवीकडे सरकवावे लागते. ओव्हरफ्लोची (उत्तर ठरलेल्या बिटांत न मावण्याची) तपासणी कुठेच टळत नाही. ती जीसीसी किंवा क्लँगच्या अंगभूत फंक्शनवर सोपवावी. पॉइंटरवरचा १ काढण्याचा खर्च एक्स८६ वर जवळजवळ नसतोच, कारण ऑब्जेक्टमधील मूल्य वाचताना ८ ऐवजी ७ बाइटचे अंतर लोडच्या सूचनेतच मावते.

खरी अडचण वजनाच्या रकान्यात येते. दशांशासाठीची डबल संख्या पूर्ण ६४ बिट व्यापते, म्हणून ती हीपवर (मागणीनुसार मिळणाऱ्या मेमरीत) ठेवावी लागते. वजन गुणिले भाव केले की दरवेळी नवा ऑब्जेक्ट तयार होतो आणि नको झालेली मेमरी परत घेणाऱ्या गार्बेज कलेक्टरचे काम वाढते. पूर्णांकांवर जे वाचले ते इथे सहज खर्ची पडते. अशा वेळी लुआजिट किंवा जावास्क्रिप्टकोअर या इंजिनांसारखे नॅन-बॉक्सिंग बरे: दशांश थेट राहतात, पॉइंटर नॅनच्या ('संख्या नाही' या खास डबल मूल्याच्या) मोकळ्या बिटांत बसतात, पण पूर्णांक बहुधा ३२ बिटांवर थांबतो आणि पत्ते ४८ बिटांत मावतील हे गृहीत धरावे लागते. रूबी भाषेच्या २.० आवृत्तीने मधला मार्ग काढला: ठरावीक पल्ल्यातले दशांश टॅगसह थेट, उरलेले हीपवर. माझ्या मते नवशिक्याने या मधल्या मार्गात शिरू नये, कारण चुका शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

मोजताना कट्टे आणि वजन यांच्या चाचण्या वेगळ्या चालवाव्यात, आणि तिसऱ्या चाचणीत दोन्ही प्रकार एकाच यादीत यादृच्छिकपणे मिसळावेत. टॅगचे प्रकार अनियमित बदलले की प्रोसेसरचा शाखांचा अंदाज चुकतो, आणि हे पर्फ या लिनक्सवरील मोजणीच्या साधनातील ब्रांच-मिसेसच्या आकड्यात दिसते; नुसत्या एकूण वेळेवरून ते कळत नाही.