दाढ काढली आणि घसा धरला? या चुका टाळा

खालची अक्कलदाढ काढून घरी गेलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीची तक्रार पुष्कळदा दाढेची नसतेच. 'जखमेचं ठीक आहे, पण घोट गिळवत नाही,' असं तो सांगतो. आमच्याकडची वडीलधारी मंडळी अहिराणीत म्हणतात, 'दाढ काढी, आते गया दुखस,' म्हणजे दाढ काढली, आता गळा दुखतो. पहिली चूक इथेच होते. दाढेचं दुखणं वेगळं आणि घशाचं वेगळं असं धरून माणूस मेडिकलवर जातो, चघळायच्या गोळ्या आणि 'घशासाठी काहीतरी अँटिबायोटिक' घेऊन येतो. ज्यांनी दाढ काढली त्या डॉक्टरांना साधा फोनही करत नाही.

खरं तर खालची शेवटची दाढ आणि घसा अगदी लागून आहेत. जबडा मिटणारे आणि घास गिळायला मदत करणारे स्नायू तिच्या मागेच आहेत. दाढ काढताना आलेली सूज तिथपर्यंत पोचते. शिवाय खालचा जबडा बधिर करायचं इंजेक्शन तोंडात बरंच मागे द्यावं लागतं. सुई स्नायूला लागली की तो काही दिवस आखडतो आणि तोंड पूर्ण उघडत नाही. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्या काळात गिळताना एका बाजूला दुखणं, कानाकडे सणक जाणं, जबड्याखाली हलकी गाठ हाताला लागणं, याने घाबरून जाऊ नका. मात्र तिसऱ्या दिवसानंतर हे सगळं रोज थोडं तरी कमी व्हायला हवं. कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर अंदाज बांधत घरी बसू नका.

त्याच दिवशी गुळण्या

घसा दुखला की मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. एरवी ते चांगलंच, पण दाढ काढली त्या दिवशी नको. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली जखम भरत येते. खळखळून चूळ भरली, सारखं थुंकलं, स्ट्रॉने उसाचा रस ओढला, की ती गुठळी सुटते आणि खालचं हाड उघडं पडतं. मग दोन-चार दिवसांनी, आराम पडायच्या वेळेला, कानापर्यंत ठणका सुरू होतो आणि तोंडाला घाण वास येतो. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. हा ठणका मेडिकलच्या गोळ्यांनी सहसा दबत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन आत औषध भरतात तेव्हाच आराम पडतो.

म्हणून पहिले 24 तास गुळणी नाही. लाळेत गुलाबी झाक दिसली तरी ती गिळून टाका, थुंकू नका. नंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवायचं आणि मान वाकवून आपोआप पडू द्यायचं. शेकाचंही तसंच आहे. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, थांबून थांबून लावा. गरम शेक त्या दिवशी नको.

मिश्री आणि तंबाखूबद्दल मी कळकळीने सांगतो. कितीतरी आयाबहिणी दाढ काढल्यावर जेवण सोडतात, पण सकाळची मिश्री सुटत नाही. जखम भरेपर्यंत ती बंदच ठेवा. विडी-सिगारेट आणि गुटखाही बंद. ड्राय सॉकेट व्हायचं तंबाखू हे एक मोठं कारण आहे. जखमेत लवंगेचं तेल ओतणं, हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं, हेही नको. दोन्हीने कातडी भाजते.

दुखतं म्हणून पाणी तोडणं

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. अशा दिवसांत गिळताना दुखतं म्हणून माणूस पाणीच पीत नाही. तोंड कोरडं, घसा आणखी कोरडा, आणि दुखणं दुप्पट. ग्लासाने घोट घोट पीत राहा. ताक, गार दूध, गार केलेली मऊ खिचडी, पिकलेलं केळं सहज गिळलं जातं. शेवभाजीचा झणझणीत रस्सा, ठेचा, कोरडी शेव, लाह्या आठवडाभर बाजूला ठेवा. तिखट झोंबतं आणि कण खड्ड्यात अडकतात.

गोळ्या घेतानाही चुका होतात. उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेतली की पित्त उसळतं आणि घशात जळजळ होते. रोग्याला मात्र ती जखमेचीच वाटते. डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल दोन घोट पाण्यावर गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. पूर्ण ग्लास पाणी प्या आणि अर्धा तास तरी बसून राहा. मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) चालू असताना दारू घेतली तर उलट्या आणि डोकेदुखी होऊ शकते. डॉक्टरांच्या गोळीत पॅरासिटामॉल असताना तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल त्यात घालू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तीन बोटं आणि हनुवटीखाली एक हात

आरशासमोर उभे राहा. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. एरवी ती जातात. दाढ काढल्यावर पहिले काही दिवस दोनच जातील, ते चालतं. पण काल दोन जात होती आणि आज एकही जात नाही, हे चांगलं लक्षण नाही. मग हनुवटीखाली हात फिरवा. तिथली जागा मऊ हवी.

खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली जातात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी मानेकडे उतरू शकतो. हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, लाळ गिळता न आल्याने ती ओघळणं, आवाज घोगरा किंवा दबका होणं, आडवं पडल्यावर दम लागणं, सोबत ताप: यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या पहिल्या एसटीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि जळगाव किंवा धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठा. अशी सूज श्वासनलिका दाबू शकते. वाफ आणि काढा यांत काही तास घालवणं जिवावर बेतू शकतं. इंजेक्शन किंवा गोळीनंतर ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास लागला, तरीही हेच करायचं.

उपचार चालू असतानाच ठसका लागला आणि दाताची कॅप किंवा एखादं बारीक अवजार सापडेना, तर 'पोटात गेलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. एक्स-रे काढा. ते फुप्फुसात गेलेलं असू शकतं.

नुसते दात साफ केलेत, दोन्ही बाजूंनी घसा दुखतोय, नाक वाहतंय, तर ती साधी सर्दी असू शकते. तरी डॉक्टरांना विचारा. चोपडा, शिरपूर, अमळनेरहून लांबचा प्रवास करून येणाऱ्यांनी खुर्चीवरून उठायच्या आधीच रात्री लागणारा फोन नंबर मागून घ्यावा, आणि कुठली दाढ काढली, कुठली औषधं दिली, ते चिठ्ठीवर लिहून घ्यावं. रात्री दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.